अर्धं बटण

आयुष्यात भेटलेल्या हट्टी माणसांची कुणी रांग लावली, तर आमचे विज्ञानाचे सर सगळ्यांत पुढे उभे राहतील, आणि मागे वळून बाकीच्यांना म्हणतील, "सरका. अजून सरका. मध्ये जागा ठेवू नका." मी त्या रांगेच्या आसपासही फिरकणार नाही. इतकी वर्षं झाली तरी मला त्यांचा राग येतो. लोक म्हणतात, दिवस गेले की राग निवतो. माझा निवला नाही, आणि खरं सांगायचं तर मी तो निवू दिलेला नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला पुणतांब्याजवळच्या एका हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवायला लागले, तेव्हा सर तिथे आधीपासून होते. मूळचे नगरकडच्या कर्जतचे. बायको तिकडे म्हाताऱ्या सासूजवळ, आणि हे इकडे नदीच्या बाजूला एका खोलीत एकटे. डबा उभ्यानेच खायचे. बसून खाल्लं की माणूस गप्पा मारतो, असं त्यांचं म्हणणं. शिपायाने घंटा द्यायला जरा उशीर केला की खडू टेबलावर आपटून स्वतः जाऊन घंटा देऊन यायचे. वर्गात एखाद्याचं उत्तर चुकलं तर रागावत नसत. पण उत्तर बरोबर आलं आणि ते का बरोबर, हे सांगता आलं नाही, तर तास संपेपर्यंत उभं करायचे. एसटीच्या कंडक्टरपासून हेडसरांपर्यंत ज्याच्याशी त्यांचं भांडण झालं नव्हतं असा माणूस शोधावा लागला असता. गंमत म्हणजे बहुतेक भांडणांत त्यांचंच बरोबर असायचं. बरोबर असणाऱ्या माणसाइतका ताप दुसरा नाही.

अशा माणसाने कॅमेरा घेतला.

शिर्डीत भाविकांचे फोटो काढणारा एक जण नवा कॅमेरा घेणार होता, म्हणून त्याने जुना विकायला काढला होता. सर त्यासाठी कित्येक रविवार शिर्डीला गेले. देवळात नाही, थेट त्या दुकानात. दुकानदार कंटाळला आणि सर म्हणतील त्या भावात देऊन मोकळा झाला. काळा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, सेल बसतात त्या झाकणाची कडी मोडलेली, म्हणून त्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलेलं. पण होता आपोआप नेम धरणारा, ऑटोफोकस. आमच्याकडे तोवर कॅमेरा म्हणजे स्टुडिओवाल्याचा. तो डोळ्याला लावून बराच वेळ पुढची कडी फिरवत बसायचा आणि तोवर समोरच्याचं हसू सुकून जायचं. सरांच्या कॅमेऱ्याला ते काही नको. बटण दाबलं की आतलं यंत्र खर्र करायचं आणि झालं.

"यंत्राला लाज नसते, बाई," सर मला म्हणाले. "म्हणून त्याला खरं दिसतं."

हेडसरांनी नवीन घर बांधलं, त्याच्या सत्यनारायणाला सरांना कॅमेऱ्यासकट बोलावलं. जोडपं पूजेला बसलेलं, उपरण्याला पदराची गाठ, समोर केळीचे खांब. सरांनी तोऱ्यात फोटो काढले. रोल धुऊन आला तेव्हा मी स्टाफरूममध्येच होते. हेडसर आणि त्यांच्या मंडळी पार पुसट, उकडलेल्या रताळ्यासारखे चेहरे. आणि त्या दोघांच्या मधून, पलीकडच्या भिंतीवरचं खताच्या दुकानाचं कॅलेंडर इतकं स्वच्छ आलेलं की चतुर्थी कधी ते वाचता येत होतं.

"कॅलेंडरचा फोटो काढायला बोलावलं होतं का तुम्हाला?" हेडसर म्हणाले.

"मध्ये कॅलेंडर दिसत होतं," सर म्हणाले. "तुम्ही दोघं बाजूला होतात."

दुसरा कुणी असता तर कॅमेरा परत करायला शिर्डीला गेला असता. सर प्रयोगशाळेत गेले. एका स्टुलावर पृथ्वीचा गोल ठेवला, दुसऱ्यावर हृदयाची प्लास्टरची प्रतिकृती, आणि सबंध रोल त्यात घालवला. निघालं ते असं, की कॅमेरा बरोबर मधोमध जे असेल त्यावर नेम धरतो. मध्ये माणूस असला तर माणूस. मध्ये मोकळी जागा असली तर तिच्या पलीकडे जे काही लांब असेल ते.

आता आमच्याकडे नवरा-बायको फोटोला उभे राहिले की मध्ये हातभर जागा सुटायचीच. ते कुणी शिकवावं लागायचं नाही. चारचौघांत नवऱ्याला खेटून उभी राहणारी बाई वाह्यात, आणि बायकोला खेटून उभा राहणारा तिच्या ताटाखालचं मांजर. घरातलं वडीलधारं समोर असलं तर हातभराचे दोन हात व्हायचे. तो कॅमेरा करणाऱ्या जपानी लोकांना आमची ही रीत ठाऊक नसणार. तालुक्यातली जोडपी ओळीने पुसट येऊ लागली. मागचं चिंचेचं झाड, उसाचा ट्रॅक्टर, पाण्याची टाकी, सगळं लख्ख.

"कॅमेऱ्यात चूक नाही," सरांनी जाहीर केलं. "चूक उभं राहण्यात आहे."

आणि मग ते सुरू झालं. दर रविवारी सर सायकलवर, डब्याच्या पिशवीत कॅमेरा. कुणाचं बारसं, कुणाचा नवा ट्रॅक्टर, कुणाचा मुलगा फौजेत निघालेला. जोडपं उभं राहिलं की सर कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि म्हणायचे, "सरका." खांद्याला खांदा लागेपर्यंत बटण दाबायचे नाहीत. बायका पदरात तोंड घालून हसायच्या, पुरुष तांबडे व्हायचे. गावाने त्यांचं नाव 'सरका सर' ठेवलं. त्यांना ते कळलं होतं, आणि मला वाटतं, आवडलंही होतं.

फोटोचे पैसे ते फक्त रोलपुरते घ्यायचे, पण एक अट असायची. फोटो न्यायला दोघांनी मिळून यायचं. बाजारपेठेतले एक किराणा दुकानदार एकटेच आले, तर सरांनी त्यांना हात हलवत परत पाठवलं. परत आले, परत पाठवलं. शेवटी एक दिवस स्टाफरूमच्या दाराआड त्यांची बायको डोक्यावरचा पदर धरून उभी दिसली. शाळेत ती कधीच आलेली नव्हती. सर उठून बाहेर गेले आणि फोटो तिच्या हातात दिला, नवऱ्याच्या नाही. तिने पाहिला. तिच्या खांद्याला नवऱ्याचा खांदा लागलेला होता. ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "चांगला आलाय की वो," आणि फोटो पोलक्याजवळ धरून चालायला लागली. त्या दिवशी मला सर आवडले होते. हे सांगितलंच पाहिजे, कारण पुढचा राग त्याच्यामुळेच जास्त आहे.

त्याच सुमाराला त्यांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. शाळेच्या मैदानामागे आंब्याची दोन झाडं होती, मध्ये गाडी जाईल एवढी वाट. सरांनी कॅमेरा आधी डावीकडच्या झाडावर धरला, बटण अर्धंच दाबलं, तसंच दाबून धरत कॅमेरा हळूच मधोमध आणला आणि मग पूर्ण दाबलं. "अर्ध्या बटणावर तो नेम लक्षात ठेवतो," ते म्हणाले. "मग तुम्ही कुठेही वळा." काही दिवसांनी फोटो आला. दोन्ही झाडं, पान न् पान वेगळं.

"मग जोडप्यांचेही असेच काढा ना, सर," मी म्हटलं. "कशाला लोकांना छळता?"

"झाडांना पाय नसतात, बाई," ते म्हणाले. "माणसांना असतात."

तेव्हा मी हसले होते.

माझ्या आईच्या पोटात गाठ निघाली आणि ऑपरेशनला पुण्याला न्यायचं ठरलं, ते याच्या पुढच्या वर्षी. आमचं घर शाळेपासून लांब नव्हतं. वडील, म्हणजे अण्णा, साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला. आईने सगळं आयुष्य गोठा, चूल आणि शेत यांत काढलं आणि कधी काही मागितलं नाही. पुण्याला जायच्या आठवड्यात तिने मागितलं.

"माझ्या लग्नात फोटूवाला आलाच न्हाई," ती मला म्हणाली. "तुमच्या शाळंतलं ते मास्तर येत्यात ना, त्यान्ला बोलीव. ह्यांच्यासंगं एक फोटू पायजे. तोंड दिसंल असा."

"तुझा एकटीचा पण काढू," मी म्हटलं.

"एकटीचा नगं. एकटीचा मेल्यावर लावत्यात."

सर आले. संध्याकाळची वेळ, अंगणात सावली उतरलेली. माझे थोरले चुलते, तात्या, बाजेवर सुपारी कातरत बसलेले. त्यांच्यासमोर माझी आई कधी मान वर करून बोलली नव्हती, आणि अण्णा त्यांच्यासमोर आईशी बोलतच नसत. आईने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. तोंड मोठं यावं म्हणून सर अगदी जवळ येऊन उभे राहिले. मागे लांब गोठ्याची भिंत होती.

"सरका," सर म्हणाले.

आई अर्धं पाऊल अण्णांकडे सरकली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तात्या समोर बसलेले असताना, डोक्यावरचा पदर सांभाळत, माझी आई अर्धं पाऊल सरकली. आणि अण्णा, समोर बघत, तेवढंच अर्धं पाऊल पलीकडे झाले. अंतर होतं तेवढंच राहिलं.

तात्या खाकरले. सरांनी कॅमेरा खाली घेतला.

"परत. जवळ या."

"हितंच बरं हाय," अण्णा म्हणाले. "काढा."

"असा येणार नाही."

"का येनार न्हाई? मानसं हायत ना म्होरं."

मी सरांच्या जवळ गेले आणि हळू आवाजात म्हटलं, "सर, आधी आईवर धरा. अर्धं बटण. त्या आंब्यांसारखं."

सरांनी आवाज खाली आणला नाही. "ते झाडांसाठी, बाई. मी खोटा फोटो काढत नाही."

"सर, तिला परवा पुण्याला न्यायचंय."

"म्हणूनच म्हणतोय. आज तरी सरकू देत त्यांना."

"काढायचा तर काढा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले. "काय तमाशा लावलाय."

सरांनी कॅमेरा उचलला, दोघांच्या मधोमध धरला, आणि बटण एकदमच पूर्ण दाबलं. खर्र. "जसे उभे आहात तसे याल," ते म्हणाले. आणि कॅमेरा पिशवीत टाकला.

आईला यातलं काहीच कळलं नव्हतं. ती हसत पुढे आली. "आलं का वो मास्तर, तोंड?"

"रोल धुतल्यावर कळेल," सर म्हणाले.

त्यांना कळलेलं होतं. त्या क्षणी, त्या अंगणात, पक्कं कळलेलं होतं. खोटा फोटो न काढणारा हा माणूस माझ्या आईच्या तोंडावर खोटं बोलला. आई पुण्याला गाडीत बसेपर्यंत विचारत होती, फोटू कवा मिळंल गं. मिळेल, मी सांगत होते. रोल अजून अर्धा शिल्लक होता, सर तो पुरा झाल्याशिवाय धुवायला देत नसत.

आई पुण्याहून परत आली ती ॲम्ब्युलन्समधून, झाकलेली.

दहाव्याला फोटो लागतो. मी सरांच्या खोलीवर माणूस पाठवला, त्यांनी अर्धाच रोल काढून दिला. फोटो आला. दोन पुसट माणसं, एक हिरवं, एक पांढरं. मध्ये हातभर जागा. आणि त्या जागेतून दिसणारी गोठ्याची भिंत इतकी स्वच्छ, की तिच्यावर थापलेल्या एकेका गोवरीवर आईच्या हाताची बोटं दिसत होती. मावशीने फोटो उजेडात धरला आणि डोळे पुसत म्हणाली, "बग, हाताचं ठसं कसं सुरेख आल्यात तिच्या." तिला समाधान द्यायचं होतं, मला समजतं. पण मी तिच्यावर ओरडले. मला गोवऱ्या नको होत्या. आईचं तोंड पाहिजे होतं. तिलाही तेच पाहिजे होतं, आणि तिने ते सांगितलं होतं.

श्रीरामपूरच्या स्टुडिओवाल्याने फोटो निरखला आणि म्हणाला, "डोळे काढून द्यावे लागतील, ताई." त्याने बिचाऱ्याने आईला कधी पाहिलेलं नव्हतं. मोठा करून, अण्णांना कापून टाकून, बारीक ब्रशने त्याने डोळे काढले, भुवया काढल्या, ओठांची कड काढली. कुंकू जरा मोठंच लावलं. ते डोळे कुणाचे आहेत मला माहीत नाही. ती बाई आमच्या घरात कधीच राहिलेली नव्हती, आणि आता आमच्या भिंतीवर कायमची राहायला आली आहे. एकटीच.

"त्या मास्तरला काय येत न्हाई," अण्णा त्या फोटोखाली बसून म्हणाले.

मी शाळेत गेले आणि मूळचा फोटो सरांच्या समोर, उघड्या डब्याशेजारी ठेवला. ते उभ्याने जेवत होते. त्यांनी बराच वेळ तो पाहिला. मला वाटलं, आता म्हणतील काहीतरी. एवढंच म्हणाले, "तुमच्या वडिलांना विचारा."

"त्यांना रोज विचारते," मी म्हटलं. "ते म्हणतात तुम्हाला विचारा. तुम्ही दोघं पुरुष एकमेकांना शिकवत बसलात आणि त्यात माझी आई गेली. तुम्ही सगळ्या तालुक्याला जवळ उभं करताय, सर. वहिनी कुठे आहेत? तुमचा आणि वहिनींचा एक फोटो आहे का तुमच्याकडे?"

सरांनी डब्याचं झाकण लावलं. अर्धी भाकरी आतच राहिली. त्यानंतर त्यांनी शाळेत कॅमेरा आणला नाही, आणि मी त्यांच्याशी बोलले नाही. ते समोरून आले की मी वही उघडायचे. पुढे त्यांना गावाकडे बदली मिळाली. निरोपाच्या कार्यक्रमात हेडसरांनी, काय करणार, कॅलेंडरचीच आठवण सांगितली आणि सगळे हसले. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

नव्वदी सरत आली असताना कर्जतला शिक्षकांचं एक शिबिर होतं. शेवटच्या दिवशी दुपारी मोकळीक मिळाली आणि मी विचारत विचारत सरांच्या घरी गेले. का गेले, याचं उत्तर सोपं आहे. भांडण अर्धं राहिलं होतं.

सर घरी नव्हते. त्यांची आई पलंगावर कूस वळवून झोपलेली. वहिनी ठेंगण्याशा, बोलक्या. शाळेतल्या बाई आल्या म्हणून त्यांनी मला हाताला धरून आत घेतलं, चहा टाकला. "लई नाव काढत्यात तुमचं," म्हणाल्या. मी भिंतीकडे बघत होते.

भिंतीवर फोटो होता. सर आणि वहिनी, त्याच घराच्या दारात. वहिनींच्या नाकातली चमकी दिसत होती. सरांच्या सदऱ्याचं तुटकं बटण दिसत होतं. दोघंही लख्ख. आणि दोघांच्या मध्ये हातभर जागा.

"बरा आलाय नव्हं?" वहिनी म्हणाल्या. "शेजारच्या मास्तरांनी काढला. ह्यांनी त्यान्ला आदी शिकीवलं, आदी हिच्यावर धरा, मग मदी आना, आन काय काय. मला लई म्हनले, सरक, सरक. मी म्हनलं, आत्याबाई बसल्यात म्होरं, मी न्हाई सरकायची, मेले तरी. मग म्हनले, ऱ्हाऊ दे. तू हाय तितंच उभी ऱ्हा."

मागे पिशवी ठेवल्याचा आवाज झाला. सर दारात उभे होते. केस पिकले होते. त्यांनी मला पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं मी काय बघतेय ते.

"बाई," ते म्हणाले, "त्या दिवसानंतर मी सगळ्यांचे असेच काढतो. कुणाला सरका म्हणत नाही." मग वहिनींकडे बघत म्हणाले, "ही सरकेना. आई समोर बसलेली. तिला अवघड झालं असतं."

इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा कुणाची तरी अडचण समजून घेत होता. त्यांना शहाणपण आलं होतं. लोक म्हणतील, चांगलं झालं. झालं असेल. वहिनींची चमकी आली, तालुक्यातल्या आणखी कितीतरी बायकांची आली असेल. मी चहाचा कप खाली ठेवला.

"सर," मी म्हटलं, "माझी आई सरकली होती."

वहिनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. मी चपला घातल्या आणि नगरच्या गाडीसाठी स्टँडकडे निघाले.